ट्रायपॉडचा पुढचा पाय

नव्या ट्रायपॉडच्या तिन्ही पायांचे खटके मी लावले. प्रत्येक खटका टक्कन वाजला. तरी मी वरून तळहाताने दाबून पाहिलं.

“अहो, वाजलं ना? या आता,” तळ्याकाठी उभी असलेली बायको म्हणाली.

वाजायचे तर जुन्याचे खटकेही. मागच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्याचा पुढचा पाय हळूच आत सरकला, कॅमेरा खाली वाकला आणि फोटोत आले आमचे नुसते गुडघे. या नव्यात म्हणे खीळ खाचेत बसते, त्यामुळे पाय घसरतच नाही. असं दुकानदार म्हणाला. दुकानदार म्हणणारच.

घराला कुलूप लावल्यावर आवाज ऐकूनही आपण ते ओढून बघतोच. निम्मा जिना उतरून पुन्हा वर जातो आणि परत ओढतो. माणसं मात्र अशी ओढून बघता येत नाहीत. ती ‘हो हो, नक्की’ म्हणतात आणि आपण मुकाट जिना उतरतो.

टायमर लावून मी धावत बायकोशेजारी जाऊन उभा राहिलो.

फोटो सुरेख आलाय. कॅमेरा तसूभरही हललेला नाही. बायको समोर बघून छान हसतेय आणि मी मान वाकवून त्या पुढच्या पायाकडे बघतोय.