नजमुन्निसाचा पाय आणि इम्तियाजचा क्लच

निमोण्यात कुणाची गाडी अडली की लोक इम्तियाजकडं बोट दाखवत. रांजणगावच्या एका कंपनीत तो सव्वीस वर्षं क्लचचे सिलिंडर बनवत आला होता, म्हणून गावाच्या हिशेबी त्याला क्लचमधलं सगळं कळत होतं. खरी गोष्ट एवढीच, की सव्वीस वर्षं तो लाइनवरून आलेल्या सिलिंडरात रबरी सील बसवायचा आणि सिलिंडर पुढं ढकलायचा. आधी काय होतं नि नंतर काय होतं, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण गावात हे सांगतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरात जुनी गाडी होती आणि बायको नजमुन्निसा ती चालवायला शिकत होती. तिचं माहेर कासुर्डी. तिथं म्हातारी आई एकटी, आणि तिला भेटायचं तर इम्तियाजच्या सुट्टीची वाट बघायची. या वाट बघण्याला नजमुन्निसा कंटाळली होती. कच्च्या लायसनची मुदत बुधवारी संपत होती. सोमवारी शिरूरच्या आरटीओ कॅम्पात पक्क्या लायसनची परीक्षा. ती हुकली की पुन्हा पहिल्यापासून.

महिनाभर ती सांगत होती, पेडल पोकळ लागतंय, गिअर करकरतोय. इम्तियाज हसायचा. पाय नीट दाबायला शीक म्हणायचा, क्लच माझ्या हाताखालून जातात म्हणायचा.

रविवारी सकाळी तो स्वतः गाडी घेऊन निघाला आणि गल्लीतल्या मारुतरावांच्या दारातच पेडल खाली गेलं ते वर येईना. मारुतरावांनी चार माणसं लावून गाडी ढकलत घरी पोचवली आणि घरचाच डॉक्टर असल्यावर मेस्त्री कशाला, असं वर म्हणाले. शिरूरचं गॅरेज तसंही रविवारी बंद. आता मात्र डॉक्टरांना घाम फुटला.

मोबाइलवर सात मिनिटांचा व्हिडिओ सापडला. क्लचच्या तेलात हवा शिरली होती, ती काढायची. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालचा नट सैल करून हवा सोडायची, नट आवळायचा, मगच पाय उचलायचा. इम्तियाजनं पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, बॉनेटखालच्या क्लचच्या डबीत तेल भरलं, खालच्या नटाला नळी लावली आणि पाना घेऊन तो खाली शिरला. पेडलवर नजमुन्निसा. दाब, धर, सोड असा त्याचा आवाज सुपरवायझरला शोभेल असा चालला होता.

आधी नळीतून बुडबुडे आले. मग निव्वळ तेल आलं, तसा तो खूश झाला. मग पुन्हा बुडबुडेच बुडबुडे. दीड तास गेला, तोंडावर तेल सांडलं, पेडल मात्र आणखी मऊ झालं. तू पाय लवकर उचलतेस, असं त्यानं खालून सुनावलं. ती उतरली, बॉनेटपाशी गेली आणि आत वाकली.

"वरची डबी रिकामी हाय," ती म्हणाली. "तुम्ही खालनं तेल काढताय आन् वरनं हवा आत चाललीय."

इम्तियाज तसाच पडून राहिला. डबी त्यानं एकदा भरली होती आणि नंतर तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. लाइनवर जसं दुसऱ्याच्या टेबलाकडं बघत नाहीत, तसं. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच, असं त्याच्या मनात आलं आणि तेल लागलेल्या तोंडानं तो स्वतःलाच हसला.

मग हुकूम तिचे सुरू झाले. दर चार दाबांनी ती उतरून डबी भरायची आणि त्याला थांब म्हणायची. दहा-बारा फेऱ्यांत पेडल घट्ट झालं. तिनं ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

"तुझा पाय बरोबर होता," तो म्हणाला.

"पायाला कळत व्हतं. पर तुम्ही क्लचवालं, म्हून मी पायालाच दोष देत बसले. राती उशीवर पाय दाबून सराव करायचे."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी कसला क्लचवाला," तो म्हणाला. "एक रबर बसवतो. बाकीचं मला काय बी ठाव न्हाई."

हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. नजमुन्निसानं हात पुसायला फडकं दिलं आणि उद्या शेजारी बसायचं पण शिरूरपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी अट घातली.

त्यानं ती पाळली. नजमुन्निसा परीक्षेत पास झाली. परतीच्या वाटेवर निमोण्याचा फाटा आला आणि तिनं गाडी वळवलीच नाही, सरळ कासुर्डीच्या दिशेनं घातली. त्याची दुपारची पाळी होती. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर ती समोर बघत आपल्याशीच हसत होती. तोंड मिटून तो नीट टेकून बसला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं न सांगता खाडा केला.