मंडळाची संपूर्ण यादी

ऐंशीच्या दशकात आमच्या शिकागोच्या घरी एक विद्वान पाहुणे तीन आठवडे राहिले. त्यांच्या संशोधनाचा विषय भारदस्त होता: परदेशातल्या मराठी समाजातली लोकशाही आणि आर्थिक विषमता.

संशोधनाची रीत मात्र सोपी होती. मराठी मंडळाची यादी मी ठेवत असे, सत्याऐंशी कुटुंबं, पत्त्यांसकट. ती घेऊन ते घरोघरी जेवायला जात आणि जेवणानंतर प्रश्नावली भरून घेत. सगळी घरं डॉक्टर-इंजिनिअरांची. श्रीखंड वाढणाऱ्या यजमानाला ‘आपल्यात विषमता आहे का?’ असं विचारून जे उत्तर मिळतं, त्याला ते पुरावा म्हणत.

निष्कर्ष निघाला: मराठी समाज आपल्या माणसांना सांभाळतो, म्हणून त्याच्या छोट्या दुकानांना किमान वेतनाचा कायदा लावू नये. हे ते तिथल्या राज्य सरकारच्या एका समितीपुढे मांडणार होते. सोबत यादी, आणि ती शहरातल्या मराठी कुटुंबांची संपूर्ण यादी असल्याबद्दल माझी सही त्यांना हवी होती.

आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूवर ज्या मराठी दुकानातून किराणा आणायचो, तिथे तळघरात नागपूरचे एक गृहस्थ डाळ-तांदळाच्या पिशव्या भरायचे. वयाने माझ्याएवढेच. मालक त्यांना किमान वेतनापेक्षा कमी देई, म्हणून त्यांनी सरकारी कचेरीत तक्रार केल्याचं दुकानात कानावर आलं होतं. हा कायदा दुकानांना लागू राहिला नाही, तर ती तक्रार संपलीच.

मी पाहुण्यांना हे सांगितलं.

“ते यादीत आहेत का?”

“नाहीत. मंडळाचे सभासद नाहीत ते.”

“मग ते आउटलायर, अपवाद. एकट्यासाठी सॅम्पल कशाला बिघडवायचं?”

ताटात वरण वाढता वाढता माझी बायको थांबली. “सर, त्यांनी भरलेली तूरडाळ चालते तुम्हाला. तेच तेवढे चालत नाहीत?”

“वहिनी, हे शास्त्र आहे.”

“असेल. मीठ हवंय?”

मी यादीखाली लिहिलं, ‘ही फक्त वर्गणी भरणाऱ्यांची यादी आहे,’ आणि त्याखाली सही केली. पाहुण्यांनी वाचलं. “ही ओळ खोडा.” मी नाही म्हणालो. संध्याकाळी ते बॅग घेऊन यादीतल्या पुढच्या घरी राहायला गेले. सही नसलेली जुनी प्रत त्यांच्याजवळ होतीच. असल्या माणसांचं काही अडत नाही.

शनिवारी मी सही केलेल्या यादीची झेरॉक्स घेऊन तळघरात उतरलो. त्या दुकानात मी सात वर्षं जात होतो, पण तो जिना पहिल्यांदाच उतरत होतो. समितीपुढे काय मांडलं जाणार आहे ते सांगून कागद पुढे केला. गृहस्थांनी हात पुसले, सगळी नावं सावकाश वाचली, कागदाची घडी करून तक्रारीच्या कागदांत ठेवली.

“साहेब, एक विचारू? वर्गणीचं पत्रक मला कधी आलंच नाही. कोण पाठवतं ते?”

पत्रकं मीच पाठवत असे. यादी बघून.