मांडीवरचा पाय

जळगाव जामोदच्या बसस्टँडवर मी कॉलेजला जायला थांबलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने बायकोची चप्पल काढून तिचा पाय मांडीवर घेतला. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "शुगरनं हिचे पाय मुके झाले, बाबू. जखम समजलीच नाई, एक बोट कापा लागलं."

"अहो, लोक पाहून राह्यले," ती पुटपुटली. "नवऱ्यानं पायाले हात लावला त पाप लागते मले."

"लागू दे. बोट गेलं तवा तुहं पुण्य कुठी होतं?"

ती पदराआड हसली. आमच्या घरात असं मी कधी पाहिलं नव्हतं. नजर वळवावी की नाही, कळेना. तो तळव्यावरून सावकाश अंगठा फिरवत होता. टाचेत बाभळीचा काटा निघाला. त्याने उपसला, तेव्हा रक्त आलं. ती निवांत बसकडे पाहत होती. ओठ घट्ट दाबले ते त्याने.