टर्नरची राखलेली जागा

पहिल्या वर्षी आम्ही कावीळ सांगितली होती. अर्ज मी लिहिला होता, कारण कारखान्यात अर्ज लिहिणारा मी एकटाच. आजारी पडला होता माझा मित्र, तोही फक्त कागदावर. प्रत्यक्षात तो टेरिटोरियलच्या कॅम्पला गेला होता. टेरिटोरियल म्हणजे प्रादेशिक सेना. एरवी नोकरीधंदा करणारी माणसं वर्षातून दोन महिने वर्दी चढवतात, आणि सरकारला गरज पडली की बोलावतील तेव्हा आणि बोलावतील तितके दिवस जातात.

दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा डोक्यावरचे केस बारीक कापलेले, मान आणि मनगटं उन्हानं करपलेली. ड्रिल मशीनवरचा आचोळे गावचा कामगार त्याच्याकडे बघत म्हणाला, "काय रे, कावीळ झाली की माणूस पिवळा होतो. तू काळा कसा झालास?" सगळा गाळा हसला. मी चलनबुकात डोकं घालून बसलो.

आम्ही दोघंही जूचंद्र गावचे, एकाच शाळेत एकाच बाकावर शिकलेले. दहावीनंतर तो आयटीआयला जाऊन टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कातणारा कारागीर, झाला. मी वसईच्या कॉलेजात कॉमर्सला गेलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वडिलांना मिठागराचं काम माहीत, परीक्षेचं वेळापत्रक नाही. शेवटच्या वर्षाला असतानाच मला वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, मित्र लेथवर होता त्याच, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या गाळ्यात चलनं लिहिण्याची नोकरी लागली. आमचे शेठ मूळचे कच्छचे, पण लहानपणापासून वसईत वाढलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनमधून हिंदी यायचं. परीक्षेच्या दिवसांत ते मला दुपारीच घरी पाठवायचे. "जा, अभ्यास कर. इथे बसून पास होणार नाहीस," असं म्हणायचे. पदवीचा कागद हातात पडला तेव्हा आईवडिलांनंतर मी त्यांच्याच पाया पडलो होतो. त्याच माणसाला मी काविळीचा अर्ज लिहून दिला होता, आणि तो अर्ज माझ्या मनात टोचत राहिला होता.

नव्वदचं दशक संपून दोनेक वर्षं झाली होती. हिवाळ्यात सीमेवर सैन्य जमायला लागल्याच्या बातम्या रोज येत होत्या. जानेवारीच्या सुरुवातीला मित्राला पत्र आलं. फेब्रुवारीत हजर व्हायचं होतं. किती दिवसांसाठी, ते लिहिलेलं नव्हतं.

"या वेळी काय सांगायचं?" त्यानं मला विचारलं. आम्ही सायकली हातात धरून घरी चाललो होतो. "सहा महिन्यांची कावीळ कुणाला होत नाही."

त्याला जायचं होतंच, तो प्रश्न नव्हता. प्रश्न परत आल्यानंतरचा होता. घरात आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. कमावता तो एकटा. इस्टेटीत चांगल्या टर्नरची जागा रिकामी राहत नाही. आज माणूस गेला की परवा दुसरा उभा राहतो, आणि एकदा उभा राहिला की त्याला काढणंही अन्याय.

मी म्हणालो, खरं सांगू. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पत्र घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे मागच्या वर्षी कावीळ नव्हती."

"नव्हती," मित्र म्हणाला.

"अर्ज कुणी लिहिला होता?"

"मी, शेठ," मी म्हणालो.

ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग मी एक चूक केली. आदल्या दिवशी मी एका ओळखीच्या वकिलाकडून माहिती काढून आलो होतो. ती घाईघाईनं सांगून टाकली. अशा माणसाची नोकरी मालकानं राखून ठेवावी असं कायद्यातच आहे, म्हणालो.

शेठनी पत्राची घडी घातली. "कायदा सांगायला माझ्याकडे वकील आहे. तुला मी चलनं लिहायला ठेवलंय. दोन महिने असते तर चालवून घेतलं असतं. किती दिवस तेच माहीत नाही, तर मी मशीन बंद ठेवू? ऑर्डर कोण पुरी करणार, सरकार?" आणि मित्राला म्हणाले, "तू जा, चांगलं काम आहे. आल्यावर भेट. जागा असली तर असली."

संध्याकाळी हे सगळं मित्राच्या आईला सांगितलं. काकींनी सगळी हयात मिठागरात काढलेली. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मानसाला कायदा सांगून काय व्हतं रे? शिकलास ना तू? त्याला गावात आना. हार घाला. चार मानसांत सांगा का शेटनी आमच्या पोराची नोकरी राखली. मग बघू कसा काढतो तो."

"पण त्यांनी राखलेली नाही, काकी."

"म्हनून तर सांगाचं."

गावाला ही कल्पना एकदम पटली. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन असतंच. त्यानंतर शाळेच्या हॉलमध्ये मित्राला निरोप आणि शेठचा सत्कार असं ठरलं. निवृत्त हेडमास्तर गुरुजी अध्यक्ष झाले. शेठना आमंत्रण द्यायला गावातली तीन वयस्कर माणसं कारखान्यात गेली. शेठना नाही म्हणता आलं नाही.

आमच्या गावात रांगोळी म्हणजे ठिपके आणि कमळं नव्हेत. आमच्याकडे माणसांचे चेहरे काढतात, फोटोसारखे, अंगावरच्या कपड्याच्या सुरकुत्यांसकट. मित्राच्या चुलतभावाचा त्यात हात बसलेला होता. त्यानं माझ्याकडे शेठचा फोटो मागितला. दसऱ्याच्या मशीनपूजेचा एक फोटो ऑफिसात होता, तो मी नेऊन दिला. पंचवीस तारखेचा अख्खा दिवस तो पोटावर पडून हॉलच्या दारात शेठ काढत होता. मी चहा घेऊन गेलो तेव्हा डोळे पुरे झाले होते. जमिनीवरून शेठ माझ्याकडे केबिनमधल्यासारखेच बघत होते. त्या क्षणी मला हे सगळं नकोसं वाटलं. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. गुरुजींनी कागदही लिहून दिला होता: शेठनी आपल्या कामगाराची जागा राखून देशसेवेला हातभार लावला, याबद्दल गाव त्यांचे ऋणी आहे. अक्षर सुंदर, वाक्य खोटं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले ते पांढऱ्या सफारीत. रांगोळीपाशी थबकले. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी बूट काढले.

"नाक मोठं काढलंय," ते म्हणाले.

"तुमचंच आहे, शेठ," चुलतभाऊ म्हणाला. "मी फक्त उतरवलं."

लोक हसले, शेठही हसले. हार झाला, शाल-श्रीफळ झालं. मित्राला ओवाळलं. मग गुरुजींनी माझं नाव पुकारलं.

मी उभा राहिलो, कागद उघडला, आणि पहिलं वाक्य काही केल्या माझ्या तोंडून निघेना. शेवटी कागदाची घडी केली. म्हणालो, "शेठचे आभार मानायला मला सांगितलंय. माझ्यापुरते मी मनापासून मानतो, कारण मी पदवीधर झालो त्यात त्यांचा वाटा आहे. पण माझ्या मित्राची जागा राखायची की नाही, हे शेठनी अजून ठरवलेलं नाही. त्यांची अडचणही खरी आहे. मागच्या वर्षी आम्ही त्यांना खोटं सांगितलं होतं, तो अर्ज माझ्या हातचा होता. त्यांच्याविषयी आज पुन्हा खोटं बोलायला नको, म्हणून सांगितलं."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "याला कोनी बोलाला दिला?" काकींनी पदर तोंडाला लावून माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं की मी मान खाली घालतो. मित्र जमिनीकडे बघत होता. त्याची जागा मी माझ्या हातानं घालवली, असंच मला त्या वेळी वाटलं.

शेठ उठले. शाल सावरली. "मला आमंत्रण आलं तेव्हाच समजलं होतं," ते म्हणाले. "मी धंदेवाला माणूस. कुणी हार घातला की पहिला हात खिशाकडे जातो." दोन-चार जण हसले. "हा मुलगा खरं बोलला, तर मीही खरं बोलतो. हा जातोय त्याचं मला वाईट वाटत नाही, अभिमान आहे. पण माझी अडचण अशी की त्याच्या मशीनवर उभं कोण राहणार? नवीन माणूस घेतला, त्याचंही घर आहे. हा आला की त्याला कसा उठवू? ते पाप मी करणार नाही. बोला, तुम्हीच सांगा."

मग खिडकीजवळ बसलेले एक काका उभे राहिले. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या मशीनशॉपमधून निवृत्त झालेले, गावात सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचे.

"मी येतो," ते म्हणाले. "सकाळचे चार तास. पण बसायला स्टूल पाहिजे, गुडघा धरतो."

शेठनी त्यांना तिथंच उलटतपासणी केल्यासारखं विचारलं. कुठलं लेथ, स्क्रूचे आटे पाडायचं काम केलंय का, माप कशानं घेता. काकांनी एकेक उत्तर दिलं आणि शेवटी म्हणाले, "शेठ, तुमच्या वयाचा होतो तेव्हा मी दुसऱ्यांना आटे शिकवत होतो."

"आणि हा परत आल्यावर?"

"मी उठेन. रिटायर माणूस आहे, मला रोज बायको खुर्चीवरून उठवते. तुम्ही कशाला उठवता?"

या वेळी शेठ मोकळेपणानं हसले. उरलेल्या पाळीतलं मित्राचं काम आपण वाटून घेऊ असं कारखान्यातून आलेल्या ड्रिल मशीनवाल्यानं आणि आणखी एका कामगारानं मागून ओरडून सांगितलं. शेठ म्हणाले, "ठीक. स्टूल मी देतो. पण हे सगळं कोलमडलं, तर मी दुसरा माणूस घेईन. आधीच सांगतो." शब्द दिला तो एवढाच. काकी घरी जाताना मला म्हणाल्या, "वाचलास." त्यापुढे पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मित्र गेला. दोन महिन्यांचे चार झाले, चारांचे सहा. मिस्त्रीकाका सकाळी आठला यायचे, स्टूल सरकवायचे आणि चष्मा पुसून कामाला लागायचे. सातव्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी महिनाभर मशीनकडे फिरकायचं नाही असं बजावलं. ड्रिल मशीनवाला आणि तो दुसरा कामगार आपापलं काम सांभाळून थकलेच होते. कोलमडणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. शेठनी मला मित्राच्या युनिटला पत्र लिहायला सांगितलं: कधी सोडाल? उत्तर सभ्य होतं आणि त्यात तारीख नव्हती.

ते उत्तर वाचून शेठ उठले आणि शेजारच्या गाळ्यात गेले. मी बरोबर होतो. त्या शेठना म्हणाले, "तुमचा टर्नर रोज दोन तास उसना द्या. महिनाभर."

"उसनी साखर मागतात, माणूस कधीपासून मागायला लागलात?" शेजारचे शेठ म्हणाले. सत्काराची हकीकत एव्हाना सगळ्या इस्टेटीत पसरलेली होती. "या या, रांगोळीवाले शेठ! अजून तुमचा फौजी आला नाही? दुसरा घ्या की. गेटवर रांग आहे."

"घेता येतो," आमचे शेठ म्हणाले. "मला घ्यायचा नाही."

शेजाऱ्यांनी चहा मागवला, आणखी थोडी थट्टा केली, आणि शेवटी माणूस दिला. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गाळ्यानंही एक दिला, शनिवारपुरता. कामाच्या दृष्टीनं ते पुरेसं नव्हतं. दोन ऑर्डरी शेठनी परत पाठवल्या. मला एका शब्दानंही बोलले नाहीत, पण त्या दिवसांत ते जेवणाचा डबा अर्धा ठेवायचे, हे मी बघत होतो.

मित्र आला तो दिवाळीनंतर. गावात फटाके वाजले, पण त्याला घाई कारखान्याची होती. मिस्त्रीकाका तोवर पुन्हा कामावर आले होते. त्याला दारात बघताच ते उठले, हात पुसले आणि बाजूला झाले.

त्यानं मशीन सुरू केलं. पहिला नग कमी मापाचा निघाला. दुसराही. दुपारपर्यंत पेटीत बाद मालाचा ढीग झाला. इतके महिने हातात रायफल आणि फावडं होतं. लेथच्या मुठीचा अंदाजच गेला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. "हात ऐकत नाहीत रे," तो मला हळूच म्हणाला. मला भीती वाटली. जागा राखली ती याच हातांसाठी, आणि आता शेठ काय म्हणतील?

शेठ आले. पेटीतला एक नग उचलून उजेडाकडे धरला, परत ठेवला. काकांना म्हणाले, "तुम्ही आठवडाभर अजून येता का? मशीनवर नको. त्याच्या बाजूला बसा."

"बसतो की," काका म्हणाले.

मग शेठ मला केबिनमध्ये घेऊन गेले. माल त्या शनिवारी जायचा होता. तो जाणं शक्य नव्हतं. ज्यांची ऑर्डर होती त्या पार्टीला पत्र लिही, म्हणाले, पाच दिवस उशीर होईल.

"कारण काय लिहू, शेठ?"

त्यांनी कोरं लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं. "लिही, आमचा माणूस परत आलाय. त्याचा हात बसायला थोडे दिवस लागतील."

मी तसंच लिहिलं. पार्टीचा फोन सोमवारी आला. माल गुरुवारी निघेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. काका बोटानं काहीतरी दाखवत होते आणि मित्र मान हलवत होता. गुरुवारी निघेल, मी सांगितलं.