लाइट-पाणी भाड्यातच

बंद दारामागे चालू राहिलेला पंखा काकूंना अंगणातून कळायचा. मी कुलूप लावून कॉलेजला निघालेली असायचे, आणि मागून आवाज यायचा, "पंखा कोणाला वारा घालतोय गो?" मी परत जाऊन बघायचे. पंखा चालूच असायचा.

रत्नागिरीत तीन वर्षं मी काकूंच्या घरामागे भाड्याने राहिले. चिऱ्याच्या तीन खोल्या ओळीने, तिन्हींत कॉलेजच्या मुली. काका बोटीवर नोकरीला होते. ते वारल्यावर या खोल्यांच्या भाड्यावरच काकूंचं चालायचं. मला सोडायला बाबा आले होते. संगमेश्वराकडच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे खोली घेताना काय विचारायचं असतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. बाबांनी अडखळत विचारलं, "लाइटचं वेगळं पडेल काय?"

"लाइट-पाणी भाड्यातच," काकू म्हणाल्या. "शिकणाऱ्या पोरीनं बिलाला भिऊन दिवा मालवू नये."

बाबांचा चेहरा सैल झालेला मला अजून आठवतो.

पण भाड्यात असलं तरी काकूंचं लक्ष असे. मोबाइल भरल्यावरही चार्जर तसाच राहिला की त्या म्हणत, "जेवलाय तो, उठव आता पानावरून." विहिरीचं पाणी खाली गेलं की न्हाणीच्या दाराशी येत, "दुसरी बादली घेतेस ती विहिरीला विचारून ना?" पुस्तक उघडं टाकून मी झोपले तर पहाटे खिडकीतून हात घालून दिवा बंद करत. सकाळी एकच वाक्य, "वाचताना जळतो तो दिवा. झोपल्यावर जळतं ते बिल."

मला या सगळ्याचा राग यायचा. त्या रागातच मी त्यांना 'बटणकाकू' नाव ठेवलं. दोन दिवसांत ते तिन्ही खोल्यांत झालं.

पहिल्या वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, भाड्याच्या घराचं वीज-पाण्याचं बिल कोणी भरावं, मालकाने की भाडेकरूने. भाडेकरूने भरावं या बाजूने मी नाव दिलं. माझा मुद्दा असा, की बिल मालक भरतो तोवर खोली खरी आपली होत नाही. जो बिल भरतो तो खिडकीतून हात घालतो. हा मुद्दा चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण नुसत्या मुद्द्यावर बक्षीस मिळेल असा मला भरवसा नव्हता.

आईबाबांना येणं जमणार नव्हतं. काकूंनी विचारलं, "किती वाजता आहे गो तुझं?" मी म्हटलं, "अकराला. पण तुम्ही कशाला उन्हातून येताय."

मी उभी राहिले आणि दुसऱ्याच मिनिटाला बटणकाकू काढली. त्यांचा हेल काढला, कमरेवर हात ठेवून दाखवला, चार्जर आणि विहीर, सगळं सांगितलं. सभागृह हसत होतं. इतके लोक माझं ऐकतायत हे मला नवं होतं, म्हणून मी आणखी वाढवून सांगितलं. ऑक्टोबरच्या परीक्षेत वादळाने दोन दिवस लाइट गेली, तेव्हा काकूंनी आपल्या इन्व्हर्टरची वायर अंगणातून माझ्या खोलीत आणली आणि स्वतः पायरीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या, हे मात्र सांगितलं नाही. ते माझ्या बाजूचं नव्हतं.

पहिलं बक्षीस घ्यायला वर गेले तेव्हा शेवटच्या रांगेत काकू दिसल्या. ठेवणीतली साडी, मांडीवर छत्री. त्या टाळ्या वाजवत होत्या.

आम्ही एकाच रिक्षाने घरी आलो. वाटेत त्या म्हणाल्या, "बोलतेस छान. मागेपर्यंत ऐकू येत होतं." मग विचारलं, "ते नाव कोणी ठेवलं गो?"

"मुलींनी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि त्या बाहेर बघत राहिल्या. त्या एका शब्दाची लाज मला भाषणापेक्षाही जास्त वाटते. भाषणात निदान मी माझ्या नावाने उभी होते.

पंधरा दिवसांत वायरमन आला आणि तिन्ही खोल्यांना वेगळे मीटर बसले. काकूंनी भाडंही तेवढं कमी केलं. आम्हाला बोलावून म्हणाल्या, "ज्याचं त्यानं भरायचं. हिनं सांगितलं ते बरोबर आहे." शेजारच्या खोलीतली मुलगी पुढे कित्येक महिने मला ऐकवत होती, "तुझ्या बक्षिसाचं बिल आम्ही भरतोय."

त्या दिवसापासून काकूंनी माझ्या खिडकीतून हात घातला नाही. पंखा चालू राहिला तरी अंगणातून आवाज आला नाही. मी मागितलं होतं तेच मला मिळालं होतं. बाकी त्या पूर्वीसारख्याच वागत; आमरसाची वाटी यायची, ताप आला तर पेज यायची. पहाटे जाग आली की मात्र जळता दिवा मला दिसायचा. मग उठून मीच बंद करायचे.

पदवी झाली आणि मी खोली सोडली. सामान बाहेर काढलं, कुलूप-किल्ली हातात घेतली, आणि दिवा मुद्दाम चालू ठेवला. भर सकाळी. काकू आमसुलांची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या मीटरवर आहे गो तो," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "काकू, ते नाव मुलींनी नव्हतं ठेवलं. मी ठेवलं होतं."

"माहित्ये."

"कधीपासून?"

"रिक्षात बसले तेव्हापासून." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि तिची गाठ नीट बसलीय का ते बघितलं. "जा, बटण बंद करून ये आधी. एसटी चुकेल."

मी आत गेले. बटण दाराशेजारीच होतं, उंबऱ्यातून हात पोचेल इतकं जवळ. तरी ते बंद करून बाहेर यायला मला बराच वेळ लागला.