बरणीतल्या चार चिठ्ठ्या

अमेरिकेत अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या कंपनीला तिथल्या सरकारच्या परदेशी मदतीतून एक काम मिळालं होतं. हुकूमशाही नुकतीच संपलेल्या एका देशाच्या कोर्टांसाठी सॉफ्टवेअर करायचं. कुठली केस कुठल्या न्यायाधीशाकडे जाणार, हे तिथे पूर्वी एक कारकून ठरवायचा. ज्याची ओळख दांडगी, त्याला सोयीचा न्यायाधीश. आता कुणाचंही तोंड न बघता आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं. मला त्याचा भारी अभिमान होता.

एका गुरुवारी वरून मेल आली. मदत बंद, तिकडच्या कुणाशी बोलू नका, सिस्टिममध्ये शिरू नका, शुक्रवारी दुपारी बाराला सर्व्हर बंद. इतक्या मेहनतीचं काम असं वाऱ्यावर सोडलेलं बघून माझं डोकंच फिरलं.

शुक्रवारी सव्वाअकराला माझा फोन वाजला. त्या कोर्टाच्या रजिस्ट्रार बाई होत्या. त्यांचं लॉगिन सकाळीच बंद झालं होतं. पोलीस कोठडीत मेलेल्या एका मुलाच्या आईची केस सोमवारी यायची होती, आणि आरोपी अधिकारी मंत्र्याचा भाचा. न्यायाधीश चार, त्यातले एक पोलिसांना हमखास सोडणारे. सॉफ्टवेअर गेलं की केस पुन्हा कारकुनाच्या हातात, म्हणजे ती कुठे जाणार हे सांगायलाच नको.

माझं लॉगिन मात्र चालू होतं. एक बटण दाबायचं, की केसला न्यायाधीश मिळाला, बस. पण हुकूम मोडला की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसा.

घरूनच काम करणारा नवरा दारात येऊन उभा राहिला. "यार, वेडेपणा करू नकोस. आपण सगळे तुझ्या व्हिसावर आहोत. फोन कट कर!"

अकरा चाळीस. मी फोनवर म्हणाले, "बाई, मी करते अलॉट."

"नको," त्या म्हणाल्या. "मग ते म्हणतील, न्यायाधीश अमेरिकेने निवडला. केस तिथेच संपेल."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग आठवलं, पुण्यात आमच्या सोसायटीत पार्किंगवरून जुंपली की सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायचे. मी बाईंना तेच सांगितलं. न्यायाधीशांच्या नावांच्या, सारख्या घडीच्या चार चिठ्ठ्या, काचेची बरणी, भर कोर्टात. कारकुनाला हात लावू देऊ नका.

"एवढंच?"

"एवढंच. आमचं सॉफ्टवेअरही वेगळं काही करत नव्हतं."

बाराला स्क्रीन काळी झाली.

सोमवारी बाईंनी फोटो पाठवला. टेबलावर लोणच्याची असते तशी बरणी, भोवती दारापर्यंत माणसं. चिठ्ठी कुणी उचलायची यावर बराच वाद झाला, शेवटी ती मुलाच्या आईने उचलली. नाव निघालं ते पोलिसांना हमखास सोडणाऱ्या त्याच न्यायाधीशांचं.

मला रडूच कोसळलं. मी लिहिलं, "बाई, माफ करा. मीच सुचवलं होतं."

बाईंचं उत्तर आलं. "त्या आईने चिठ्ठी वाचली, टेबलावर ठेवली आणि पुढची तारीख विचारली."