स्पीकरवरचे आप्पा

सोलापुरातल्या एका दवाखान्याचं नेटवर्क मी सांभाळते. प्रत्येक मजल्यावर एक स्विच, त्या मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यात येतात. आमचा सर्व्हर अधूनमधून प्रत्येक स्विचला विचारत असतो, तापलायस का, कुठली वायर बंद आहे? जुन्या पद्धतीत एक ठरलेला शब्द माहीत असला की कुणालाही उत्तर मिळायचं, आणि तेही उघड्यावर. मधे कान लावून बसणाऱ्याला सगळं कळायचं. ती पद्धत बंद करायला मी त्या सकाळी लॅपटॉप घेऊन बसले होते, पण जीव होता वळसंगला.

तिथे माझे वडील, आप्पा, एकटेच राहतात. सोबतीला शेळ्या. आई गेल्यापासून मी रोज संध्याकाळी फोन करते. तेव्हा ते मारुतीच्या कट्ट्यावर असतात, आणि आमच्याकडे कानाला फोन लावून हळू बोलणारा माणूस नक्की काहीतरी लपवतोय असं धरतात. त्यामुळे फोन स्पीकरवर, मधोमध ठेवलेला. "पोरं काय म्हणत्यात?" "जावयाला घिऊन ये की!" सगळा कट्टा बोलून घेतो. त्या गलक्यात मी विचारायची, "आप्पा, तब्येत कशी हाय?"

"बरं हाय की!"

बरं कसलं डोंबलाचं! गेल्या खेपेला सदरा अंगावर नुसता लोंबत होता. त्यांना काय होतंय ते सांगत नव्हते, आणि मला धास्ती बसली होती.

स्विचवर मी नवा वापरकर्ता तयार केला, फक्त बघण्यापुरती परवानगी असलेला. ओळख पटवायला एक पासवर्ड, बोलणं कुलूपबंद करायला दुसरा. तपासलं तर उत्तरच येईना. सर्व्हरवर मी कुलुपाचा प्रकार भलताच निवडला होता. दोन्हीकडे एकच केला तसा स्विच घडाघडा बोलायला लागला. मग जुना शब्द कायमचा काढून टाकला.

तोवर दुपार झाली होती. मनात आलं, आप्पांनाही मी उघड्यावरच विचारते की. चारचौघांत विचारलं तर चारचौघांना सांगण्यासारखंच उत्तर येणार. तशीच उठले, जिन्यात जाऊन फोन लावला.

"काय झालं बाई? समदी बरी हायत न्हवं?" भलत्या वेळेला फोन बघून आप्पा घाबरले.

"बरी हायत. तुमच्याजवळ कोण हाय?"

"शेळ्या हायत की."

"मग आता सांगा, तब्येत कशी हाय?"

आप्पांनी आवाज खाली आणला.

"घास उतरंना गं. गळ्यात अडकतोय. भाकरी दुधात कुस्करून खातोय, तरीबी."

"मग रोज बरं हाय का म्हणता?"

"कट्ट्यावर कसं सांगू? म्हणत्याल, लेक दवाखान्यात कामाला, अन् बापाकडं बघत न्हाय."

मला तिथेच रडू फुटलं. उद्या सकाळी न्यायला येते म्हटलं. "ये," म्हणाले. एरवी शेळ्यांचं निमित्त सांगून हुज्जत घालणारा माणूस.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला मी पुन्हा फोन केला, नाहीतर कट्ट्याला शंका आली असती. सगळ्यांशी बोलून झाल्यावर विचारलं, "आप्पा, तब्येत कशी हाय?"

"बरं हाय की!" आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. फोन खांद्याशी धरून मी त्यांच्यासाठी पलंगावर चादर घालत होते.